पाऊस आला की व्हॅम गोठतं? आधी कुलिंग टॉवरवर जा, मग विजेला दोष द्या

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. दुपारी दोनपर्यंत एसीचं पाणी गार करणारं मशीन गुण्यागोविंदाने चालतं, थंड पाणी ७-८ अंशांवर. अडीचनंतर आकडा चढायला लागतो. ९, १०, चार वाजेपर्यंत १२. पॅकिंग हॉलमधून फोन सुरू होतात. मग सह्याद्रीच्या बाजूने आभाळ भरून येतं, वळीव कोसळतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि तासाभरात मशीन जाम. दुसरा अख्खा दिवस आत धरलेले मिठाचे खडे विरघळवण्यात जातो. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

ज्यांच्याकडे लिथियम ब्रोमाइडचं व्हेपर अॅब्सॉर्प्शन मशीन, म्हणजे आपलं व्हॅम, आहे त्यातल्या बऱ्याच जणांना हे ओळखीचं वाटेल. आम्ही दोन उन्हाळे यात घालवले. चुकीच्या जागी पैसेही घातले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा कारखाना गोव्यात वेर्ण्याच्या पठारावर आहे. ५०० किलोवॅटचं गॅस इंजिन दिवसरात्र वीज बनवतं. इंजिनात जाळलेल्या गॅसची ४० टक्क्यांच्या आसपास वीज होते. बाकीची उष्णता जॅकेटच्या पाण्यातून आणि धुराड्यातून जाते, त्यातली निम्म्याहून जास्त पकडता येते. आमच्याकडे ती ९२ अंशांच्या गरम पाण्याच्या रूपात १०० टन थंडाईच्या, सिंगल इफेक्ट (द्रावण एकदाच आटवणाऱ्या) व्हॅमला मिळते आणि त्यावर ऑफिस, कँटीन, पॅकिंग हॉल थंड होतात. मशीनला स्वतःला वीज लागते ती दोन-तीन छोट्या पंपांपुरती. विजेवरच्या तेवढ्याच चिलरला कॉम्प्रेसरसाठी ६०-७० किलोवॅट लागले असते.

व्हॅमची ओळख नसलेल्यांसाठी दोन ओळी. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. लिथियम ब्रोमाइड हेही मीठच, पण त्याची तहान कितीतरी मोठी. बंद टाकीत हवा पूर्ण काढून दाब पाऱ्याच्या ६-७ मिलिमीटरवर आणला की साधं पाणी ५ अंशांच्या आसपास उकळतं आणि उकळताना आजूबाजूची उष्णता घेतं. तीच आपली थंडाई. तयार झालेली वाफ अॅब्सॉर्बर नावाच्या भागात मिठाचं घट्ट द्रावण शोषून घेतं, पातळ होतं, आणि जनरेटर नावाच्या भागात इंजिनाच्या गरम पाण्याने ते पुन्हा आटवून घट्ट करायचं. कॉम्प्रेसरचं काम मीठ आणि टाकाऊ उष्णता करतात. कल्पना जुनी आहे. फ्रान्सच्या फर्दिनां कारेने १८५९च्या सुमारास अमोनिया आणि पाणी वापरून असं यंत्र केलं होतं. माझ्या आजोळी पेडण्याला केरोसीनच्या दिव्यावर चालणारा फ्रिज होता, तोही याच जातीचा. आग लावून बर्फ कसा होतो, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

बरणीचा दुसरा गुणही इथे आहेच. मीठ घट्ट झालं आणि गार झालं की त्याचे खडे होतात. द्रावणात ६५ टक्के मीठ असेल तर ४५ अंशांच्या आसपासच खडे धरायला लागतात. ६० टक्के असेल तर खूप गार झाल्याशिवाय काही होत नाही. फरक फक्त पाच टक्क्यांचा. आमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ या पाच टक्क्यांत होतं.

खडे धरलेत हे कसं ओळखायचं

खडे जवळजवळ नेहमी एकाच जागी धरतात. जनरेटरमधून आलेलं घट्ट द्रावण हीट एक्स्चेंजरमध्ये परतीच्या पातळ, गार द्रावणाला उष्णता देऊन थंड होतं. त्या एक्स्चेंजरमधून घट्ट द्रावण बाहेर पडतं त्या तोंडाशीच खडे अडकतात. वाट बंद झाली की जनरेटरमधली पातळी वाढते आणि द्रावण ओव्हरफ्लोच्या नळीतून, म्हणजे जे-ट्यूबमधून, गरमागरम थेट अॅब्सॉर्बरमध्ये पडतं.

आमच्या पॅनेलवर अलार्म येतो तो बराच उशिरा. साखळी गावचे आमचे जुने फिटर काका पॅनेलकडे बघतच नाहीत. पहिल्या वर्षी, मी मॅन्युअलची पानं उलटत उभी असताना, ते मशीनच्या मागून म्हणाले, "बाय, हांगा हात लाय." एरवी कोमट असणाऱ्या जे-ट्यूबला मी हाताची मागची बाजू टेकवली आणि चटका बसून मागे घेतली. मग त्यांनी माझा हात एक्स्चेंजरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपावर ठेवला. तो गार. जे-ट्यूब चटका देते आणि घट्ट द्रावणाचा पाइप गार पडलाय, म्हणजे खडे धरले. तेव्हापासून मी दर राउंडला आधी तिथे जाते. हात लावायचा तो क्षणभर आणि उलटा. नळीत ८० अंशांचं द्रावण असतं.

सोडवायचं कसं

हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. सोल्यूशन पंप चालू ठेवायचा, बंद करायचा नाही. गरम पाणी अर्ध्यावर आणायचं. मशीनची उष्णता बाहेरच्या हवेत टाकणाऱ्या कुलिंग टॉवरचा पंखा बंद करून त्यातून फिरणारं कुलिंग वॉटर गरम होऊ द्यायचं. रेफ्रिजरंटचं, म्हणजे उकळून थंडाई देणारं साधं, पाणी अॅब्सॉर्बरमध्ये सोडून द्रावण पातळ करायचं. साधा अडथळा असेल तर जे-ट्यूबमधून आलेलं गरम द्रावण पंपाने एक्स्चेंजरच्या दुसऱ्या बाजूने फिरतं आणि दोन-तीन तासांत खडे आतूनच वितळतात. नाहीच सुटले तर एक्स्चेंजरला बाहेरून गरम पाण्यात भिजवलेली पोती किंवा कमी दाबाची वाफ.

गॅस टॉर्च लावू नका. आमच्याकडे एका कंत्राटदाराच्या माणसाने लावला होता. खडे सुटले, पण एका जोडाला बारीक तडा गेला आणि पुढे तीन महिने आम्ही हवा कुठून येतेय ते शोधत बसलो. पाइपावर हातोडीही नको. आणि द्रावणाचा नमुना काढताना चष्मा, हातमोजे. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं.

सोडवणं म्हणजे ताप उतरवणं. ताप का येतो हा प्रश्न तसाच राहतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात, कारण मशीन चालू झालेलं असतं आणि फोन बंद झालेले असतात.

आमचा पहिला संशय वीज

गोव्यात हा संशय अगदी स्वाभाविक आहे. वळिवाचा वारा सुटला की माडाची झावळी तारेवर, वीज गेली. ग्रिड गेलं की आमचं इंजिनही ट्रिप होतं. मशीन बंद करताना पंधरा-वीस मिनिटं पंप चालवून द्रावण पातळ करायचं असतं, ती डायल्यूशन सायकल होत नाही. गरम, घट्ट द्रावण आहे तिथे थांबतं, गार होतं आणि खडे धरतं. कारण पुस्तकातलं आहे, खरं आहे. त्यामुळे आम्ही मशीनचे पंप यूपीएसवर टाकले आणि गरम पाण्याच्या व्हॉल्व्हला स्प्रिंगचा अॅक्चुएटर बसवला, म्हणजे वीज जाताच व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. हे दोन्ही कराच. पंप छोटे आहेत, खर्च फार नाही.

पण मशीन त्याच जूनमध्ये पुन्हा गोठलं. यूपीएस व्यवस्थित चालला होता.

तेव्हा मी लॉगबुक घेऊन बसले. दोन उन्हाळ्यांत मिळून सात वेळा खडे धरले होते. त्यातल्या चार वेळा वीज गेलीच नव्हती. सातही वेळा एक गोष्ट मात्र होती. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडला होता. आणि त्याच पानांवर दुपारच्या शिफ्टच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "थंडाई कमी, गरम पाणी ९६ केलं."

थंडाई कमी पडली की उष्णता वाढवायची हा सगळ्या ऑपरेटरांचा हात वळतो तो मार्ग. बॉयलरवर वाढलेल्या माणसाला तो बरोबरच वाटतो. एरवी थोडा उपयोगही होतो. पण दुपारी साडेतीनला टॉवरचं पाणी ३५ अंशांवर असताना मशीनची अडचण उष्णता कमी मिळण्याची नसते, ती टाकायला जागा नसण्याची असते. अॅब्सॉर्बर गरम असल्याने द्रावण वाफ नीट पीत नाही, म्हणून पातळ द्रावणही हवं तेवढं पातळ होत नाही. वर ९६ अंशांनी आटवून आपण ते आणखी घट्ट करतो. इथपर्यंतही मशीन तगतं, कारण सगळंच गरम असतं. मग वळीव येतो. अर्ध्या तासात टॉवरचं पाणी ३५ वरून २७ वर उतरतं. अॅब्सॉर्बरमधून निघणारं द्रावण अचानक गार होतं, तेच एक्स्चेंजरमध्ये घट्ट द्रावणाला भेटतं, आणि समोर ६४-६५ टक्क्यांचं मीठ. खडे धरणारच. ज्या पावसाने आम्हाला हायसं वाटायचं त्यानेच मशीन गोठत होतं. वीज त्याच वेळी जायची, म्हणून आळ तिच्यावर.

लॉगबुक बघितलं त्याच संध्याकाळी पहिली गोष्ट केली ती गरम पाण्याच्या सेटपॉइंटला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला, कुलूप. ९२ च्या वर जायचं नाही, कोणी कितीही ओरडलं तरी. दुसरं, टॉवरच्या पंख्याला थर्मोस्टॅट आणि तीन तोंडी बायपास व्हॉल्व्ह लावला, म्हणजे कुलिंग वॉटर २७ च्या खाली जाणार नाही आणि झटक्याने पडणार नाही. तुमच्या मशीनची खालची मर्यादा वेगळी असेल, मॅन्युअलमध्ये बघा. डिसेंबरच्या पहाटेही याचा उपयोग होतो. पठारावर तेव्हा चांगली थंडी असते आणि टॉवरचं पाणी पार खाली जातं.

पण पाणी ३५ वर मुळात का जात होतं?

इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

आधी हिशोब. १०० टन म्हणजे इमारतीतून ३५० किलोवॅट उष्णता काढायची. सिंगल इफेक्ट व्हॅमचा सीओपी, म्हणजे घेतलेल्या उष्णतेमागे मिळणारी थंडाई, ०.७ च्या जवळपास, म्हणजे त्यासाठी गरम पाण्यातून ५०० किलोवॅट घ्यायचे. दोन्ही मिळून ८५० किलोवॅट टॉवरने बाहेर टाकायचे. तेवढीच थंडाई देणाऱ्या विजेवरच्या चिलरचा टॉवर जेमतेम ४२० किलोवॅट टाकतो. म्हणजे टाकाऊ उष्णता फुकट असली तरी ती दुसऱ्यांदा टाकावी लागते, आणि त्याला दुप्पट टॉवर लागतो. कागदावर हे सगळ्यांना माहीत असतं. पण टॉवरची निगा मात्र विजेच्या चिलरचा टॉवर समजूनच घेतली जाते.

टॉवर पाण्याला वेट बल्बच्या, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात दाखवतो त्या तापमानाच्या, खाली नेऊ शकत नाही. चांगला टॉवर वेट बल्बच्या चार-एक अंश वर थांबतो, त्याला अप्रोच म्हणतात. आमचा टॉवर २८ वेट बल्बला ३२ अंशांचं पाणी देईल असा घेतला होता. गोव्यात मे-जूनला २८ काही जास्त नाही. हवा एवढी ओली असते की टॉवरच्या हातात उरतंच थोडं. पुण्यात किंवा सोलापुरात बसून केलेलं डिझाइन इथे सरळ उचलून आणलं की काय होतं, ते टॉवरखाली उभं राहिल्यावर कळतं.

वेट बल्ब मोजायला महागडं काही लागत नाही. काकांनी जुन्या पंचाचा तुकडा फाडला, थर्मामीटरच्या फुग्याला गुंडाळला, साध्या पाण्याने ओला केला आणि टेबलफॅनसमोर धरला. आवारात, टॉवरपासून लांब, २८. टॉवरच्या तळाच्या टाकीतलं पाणी ३५. अप्रोच सात. म्हटलं, टॉवरच बाद.

मग काका तोच थर्मामीटर घेऊन टॉवरच्या हवेच्या जाळीपाशी गेले. तिथे साडेएकोणतीस.

दीड अंशाचा फरक कुठून आला? टॉवरच्या पश्चिमेला आम्हीच वर्षभरापूर्वी खोके ठेवायला पत्र्याची शेड घातली होती. दुपारी समुद्रावरून येणारं वारं त्या पत्र्यावर अडायचं आणि टॉवरच्या वरून निघालेली गरम, ओली हवा खाली वळून पुन्हा जाळीतच शिरायची. टॉवर स्वतःचाच उच्छ्वास ओढत होता. शेडचे खालचे सहा फूट पत्रे काढून जाळी लावली. खोक्यांवर ताडपत्री आली, स्टोअरवाल्यांनी महिनाभर तोंड वाकडं केलं, पण जाळीपाशी आणि आवारात एकच आकडा यायला लागला. म्हणून सांगते, वेट बल्ब दोन जागी मोजा. एकाच जागी मोजलात तर टॉवरला दोष द्याल किंवा हवेला, आणि भिंत तशीच राहील.

उरलेला साडेपाचचा अप्रोच साध्या आळसाचा होता. फवाऱ्याच्या नोझलांपैकी तिसरा हिस्सा शेवाळाने आणि लालसर गाळाने बंद. पठारावरची चिऱ्याची तांबडी धूळ टॉवर दिवसभर गाळत असतो, ती शेवटी नोझलात आणि पाणी पसरवणाऱ्या फिल्समध्ये बसते. ते साफ केल्यावर अप्रोच साडेचारवर आला.

टॉवरच्या पाण्याबद्दल थोडं. ८५० किलोवॅट टाकायला तासाला साधारण सव्वा हजार लिटर पाण्याची वाफ होते. क्षार चौपटीच्या वर जाऊ नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी (चार सायकलचं ब्लोडाउन) धरलं तर तासाला सतराशे लिटर, म्हणजे दिवसाला चाळीस हजार. दहा हजारी टँकरचे चार. विजेच्या चिलरला याच्या निम्मं लागतं. आमच्याकडे नळाला साळावली धरणाचं पाणी येतं, ते मऊ आहे, तक्रार नाही. पण मे महिन्यात नळ आटला की टँकर मागवावे लागतात, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते कोणी सांगत नाही. किनारपट्टीतल्या विहिरी उन्हाळ्याच्या शेवटी खारटतात. एका मेमध्ये आमच्या टॉवरच्या पाण्याची चालकता (विरघळलेल्या क्षारांचं माप) दोन दिवसांत दुप्पट झाली होती. तेव्हापासून टँकर आत घेण्याआधी गेटवरच चालकतेच्या मीटरने मोजतो. ड्रायव्हर वैतागतात. एकदा एक टँकर परत पाठवला, तेव्हापासून बरं पाणी येतं.

पाणी खराब गेलं की नळ्यांच्या आत थर धरतो. ते ओळखायचं असं. आटवताना निघालेली वाफ जिथे पुन्हा पाणी होते त्या कंडेन्सरमधल्या रेफ्रिजरंटचं तापमान आणि बाहेर पडणाऱ्या कुलिंग वॉटरचं तापमान यातला फरक नव्या मशीनवर किती होता ते कमिशनिंगच्या, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू केलं तेव्हाच्या, कागदात असतं. आमचा अडीच होता, सहा झाला होता. नळ्या उघडून नायलॉनच्या ब्रशने घासल्या, तीनवर आला. कमिशनिंगचे कागद मात्र जपून ठेवा. आमचे एका कपाटात वाळवीने अर्धे खाल्ले होते, नशीब तेवढं पान वाचलं.

आणि तरीही, हवा

टॉवर सुधारला, सेटपॉइंटला कुलूप लागलं, त्या वर्षी पावसाने मशीन गोठलं नाही. पण थंड पाणी दर दहा-बारा दिवसांनी हळूहळू चढायचं. पर्ज मारला, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली, की तासाभरात दीड अंश उतरायचं. पर्जने फरक पडतो, म्हणजे आत हवा आहे. यात वादाला जागा नाही. थर असता तर पर्जने काहीच झालं नसतं.

६-७ मिलिमीटर दाबाच्या टाकीवर बाहेरून ७६० मिलिमीटर बसलेले असतात. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी हवा आत येते. अॅब्सॉर्बरमध्ये नळ्यांभोवती हवेची गोधडी पांघरली जाते आणि वाफ मिठापर्यंत पोचत नाही. द्रावण पातळ होत नाही, सगळी घट्टी वर सरकते, आणि खड्यांची वेळ जवळ येते. म्हणजे हवा गळणारं मशीन टॉवरची प्रत्येक चूक मोठी करून दाखवतं.

गळती शोधायला रात्री मशीन बंद करून आत नायट्रोजन भरला. दाब मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच, त्याच्या वर नाही. काकांनी भांडी घासायच्या साबणाचा फेस करून रंगाच्या ब्रशने प्रत्येक जोड, प्रत्येक साइट ग्लास, प्रत्येक व्हॉल्व्हला लावला. टॉर्चने तडा गेलेला तो जोड आधीच दुरुस्त केला होता, तिथे काही नाही. पर्ज लाइनवरच्या डायाफ्राम व्हॉल्व्हपाशी मात्र तांदळाच्या दाण्याएवढा एक बुडबुडा हळूच फुगला, थांबला, फुटला, पुन्हा फुगला. रबराचा डायाफ्राम चिरलेला. किंमत काहीशे रुपये. आणि मजा बघा, हवा काढायला म्हणून जो व्हॉल्व्ह आम्ही दर आठवड्याला उघडत होतो, हवा त्याच व्हॉल्व्हमधून आत येत होती.

तो बदलल्यावरही थोडा वायू जमायचाच. फेसाला काही सापडेना. अशा वेळी गळती शोधत बसू नका, द्रावणाचा नमुना लॅबला पाठवा. आत लोखंड गंजलं की हायड्रोजन तयार होतो आणि तोही हवेसारखाच नडतो. आमच्या द्रावणात गंज रोखणारं मॉलिब्डेट फार कमी उरलं होतं. ते भरल्यावर वायू जमणं जवळजवळ थांबलं.

व्हॅक्यूम पंपाचं तेल रोज बघा. ताकासारखं पांढरं दिसलं तर पंप पाण्याची वाफ ओढतोय आणि त्या तेलावर व्हॅक्यूम होणार नाही. लगेच बदला. आमच्याकडे काका दर सोमवारी बदलतात, दिसायला चांगलं असलं तरी. पूर्वी मी यावरून त्यांच्याशी वाद घालायचे.

दोन किरकोळ गोष्टी. रेफ्रिजरंटच्या पाण्यात मीठ गेलं तरी थंडाई पडते. हायड्रोमीटरने मोजा, घनता १.०० च्या जवळ हवी. १.०४ च्या पुढे गेली असेल तर ते पाणी अॅब्सॉर्बरमध्ये सोडून पुन्हा बनवून घ्या. आणि गरम पाणी ८५ च्या खाली आलं की मशीनची ताकद झपाट्याने पडते, म्हणून आधी इंजिनचा लोड बघा. रविवारी आमचं इंजिन अर्ध्या लोडवर असतं. तेव्हा थंडाई कमी, हे दुखणं नाहीच.

१२ अंशांचं पाणी आणि ओले कागद

हे वेगळं लिहिते, कारण गोव्यात तक्रार नेहमी इथून येते. पॅकिंग हॉलमध्ये थर्मामीटर २५ दाखवतो आणि लोक म्हणतात एसी चालत नाही. दोघेही खरं बोलतात. २४-२५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीचा दवबिंदू १४-१५ च्या आसपास असतो. एसीच्या कॉइलमधून ७ अंशांचं पाणी गेलं तर कॉइलवर दव धरतं, थेंब ट्रेमध्ये गळतात, हवा कोरडी होते. पाणी १२ वर गेलं की कॉइल जेमतेम दवबिंदूपाशी येते. तापमान थोडंफार सांभाळलं जातं, ओल तशीच. आमच्याकडे चार वाजता लेबलं कडेने वळायला लागायची आणि खोक्याचं झाकण दुमडताना कडक आवाज यायचा बंद व्हायचा. पॅनेलचा आकडा बघण्याआधी पॅकिंगच्या बायकांना त्या आवाजावरून कळायचं की व्हॅम चढलं. तुमच्याकडे तापमानाची तक्रार नसेल पण चामड्याच्या खुर्च्यांवर बुरशी येत असेल, तर थंड पाण्याचा दुपारचा आकडा बघा.

यावरून माझं एक मत झालंय. इथल्या हवेत टाकाऊ उष्णतेने पाणी थंड करण्याइतकंच हवा वाळवणंही फायद्याचं आहे. सिलिका जेलचं फिरतं चाक हवेतली ओल ओढतं आणि ७०-९० अंशांच्या पाण्याने तापवलेल्या हवेने पुन्हा कोरडं होतं. ओल चाकाने काढली तर व्हॅमला ७ अंशांपर्यंत उतरायची गरज नाही, १२ अंशांचं पाणीही पुरतं, आणि १२ वर चालणारं व्हॅम खड्यांपासून बरंच लांब असतं. आम्ही पॅकिंग हॉलच्या ताज्या हवेवर एक छोटं चाक बसवायचं ठरवतोय. बसलं की लिहीन.

हॉटेलवाले मित्र विचारतात, आमच्या डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, धुरावर व्हॅम चालेल का? चालेल, पण तुमचा डीजी महिन्यात किती तास चालतो ते आधी सांगा. वीज जाते तेवढाच चालत असेल तर नको. व्हॅमला रोज, तासन्‌तास येणारी उष्णता लागते. लाँड्रीचा बॉयलर रोज चालत असेल तर त्याचा हिशोब करून बघायला हरकत नाही.

आता आमचं काय चाललंय? गेल्या मेमध्ये दुपारी थंड पाणी नऊच्या वर गेलं नाही. एकदा संध्याकाळी वीज गेली, पाऊसही आला, आणि डायल्यूशन यूपीएसवर पूर्ण झाली. सकाळी मशीन पहिल्या बटणाला उठलं.

तुमचं मशीन गोठत असेल आणि विचारायचं असेल तर फक्त "जाम झालं" असं लिहू नका. हे आकडे द्या: गोठण्याआधीच्या सहा तासांतलं दर तासाचं गरम पाणी, कुलिंग वॉटर आत आणि बाहेर, थंड पाणी आत आणि बाहेर. आवारातला आणि टॉवरच्या जाळीपाशी असा दोन्हीकडचा वेट बल्ब. शेवटचा पर्ज कधी मारला आणि त्यानंतर थंड पाणी किती उतरलं. त्या दिवशी पाऊस किती वाजता आला. आणि टॉवरच्या पश्चिमेला काही बांधलंय का.